मेडिकेअरवर आईबाबांची वजनाची सर्जरी करायचीय? आधी फाईल पक्की करा

अमेरिकेत पासष्टीच्या पुढे मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) वजन कमी करण्याच्या सर्जरीला पैसे देत नाही असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. साफ चूक. २००६ पासून देतं आणि नियमात वयाची वरची मर्यादाच नाहीये. वय बघून सर्जन नको म्हणाला तर तो त्याचा निर्णय, मेडिकेअरचा नाही.

अटी तीन. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ किंवा जास्त, वजनाशी संबंधित किमान एक आजार (डायबिटीस टाइप २, बीपी, स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकणं वगैरे), आणि आधी डॉक्टरी उपाय करूनही वजन उतरलेलं नसणं.

सगळ्यात आधी उंची परत मोजून घ्या. हसू नका, वयानुसार माणूस खुजा होतो आणि चार्टवर दहा वर्षांपूर्वीचीच उंची चालू असते. २०० पौंड वजनाला ५ फूट ४ इंच धरलं तर बीएमआय ३४.३, आणि खरी उंची ५ फूट ३ इंच निघाली तर ३५.४, म्हणजे एका इंचावर माणूस आत किंवा बाहेर.

मग सर्जरी कुठली ते बघा. गॅस्ट्रिक बायपास (जठराचा बराचसा भाग वगळून अन्नाला वेगळी वाट करून देणं) आणि दुर्बिणीतून जठराभोवती बसवलेला बँड चालतो, पोटातला बॅलून चालत नाही. स्लीव्हचं (जठर कापून नळीएवढं करणं), तेही दुर्बिणीतूनच केलेलं, २०१२ पासून तुमच्या भागाचा मेडिकेअर कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे मेडिकेअरसाठी क्लेम तपासणारी कंपनी, ठरवतो, त्यामुळे सर्जनच्या बिलिंगवाल्यांनाच विचारा, शेजारच्या काकूंना नको.

आता खरी मेख, तिसरी अट. माझ्या सासूबाईंची फाईल इथेच अडकली होती. त्यांनी वर्षानुवर्षं डाएट केलेलं, पण डॉक्टरांच्या नोट्समध्ये दर व्हिजिटला तीच एक कॉपी-पेस्ट ओळ, ‘आहार व व्यायामाबद्दल सांगितलं’, आणि वजनाचा रकाना कोरा. घरी काय केलं ते कागदावर नसेल तर झालंच नाही असं धरतात. आणि ‘सर्जनचं ऑफिस बघून घेईल’ हा सल्ला तर मला ऐकवतच नाही, ते दुसऱ्या डॉक्टरच्या जुन्या नोट्स कुठून बदलणार?

यावर माझ्या मते एकच पक्का उपाय. बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर मेडिकेअर फॅमिली डॉक्टरकडे लठ्ठपणाचं समुपदेशन फुकट देतं, पहिला महिना दर आठवड्याला, मग सहाव्या महिन्यापर्यंत पंधरा दिवसांनी. ते घ्या, आणि दर वेळी निघताना वजन, काय खायला सांगितलं, काय जमलं नाही हे नोटमध्ये आलंय का ते डॉक्टरांच्या ऑनलाइन पोर्टलवर उघडून बघाच. सहा महिन्यांत ३ किलो उतरलं नाही तर या व्हिजिट पुढे मिळत नाहीत. आईबाबा खट्टू होतील, होऊ द्या, तुम्हाला जो पुरावा पाहिजे तो नेमका हाच आहे!

अ‍ॅडव्हांटेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर बहुतेक वेळा प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे आधी परवानगी, लागतं, हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का तेही बघा. ओरिजिनल मेडिकेअरमध्ये (थेट सरकारचं) आधी परवानगीची भानगड नाही म्हणून लोक खूश होतात, पण क्लेम ऑपरेशननंतर जातो, म्हणजे फाईल कच्ची असली तर ते पोट कापून झाल्यावर कळणार.

खर्च: ओरिजिनलमध्ये अ‍ॅडमिट केलं तर पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) चं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, २०२५ मध्ये १,६७६ डॉलर, आणि सर्जनच्या फीचे २० टक्के पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) खाली तुमचे, मेडिगॅप (वरचा खर्च भरणारा पूरक विमा) असेल तर त्यातलं बरंचसं सुटतं. जाण्यायेण्याचा खर्च मिळत नाही.

नकार आलाच तर फोनवर भांडू नका, लेखी अपील करा. ओरिजिनलला नोटीस मिळाल्यापासून १२० दिवस असतात, अ‍ॅडव्हांटेजला नोटिशीच्या तारखेपासून ६५, आणि सोबत त्या वजनाच्या आकड्यांसकटच्या नोट्स जोडा.