नेट गेलं तर: दिवे आधी बघा, फोन मग करा

घरातलं नेट गेलं की चारी बाजूंनी एकच सल्ला येतो: राउटर बंद करून चालू करा. करा, पण तेवढ्यानं नेट आलं नाही तर पुढे काय, हे कुणी सांगत नाही. खरा त्रास तिथून सुरू होतो. मीटिंग अर्ध्यात तुटते, मुलांचा वर्ग बुडतो, बिल भरायचं राहून जातं. घरात मोबाइलची रेंज कमी असेल आणि कॉल वायफायवरून होत असतील, तर साधा फोनही लागेनासा होतो.

तातडीचं काम आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. त्याआधी लॅपटॉपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप थांबवा, नाहीतर दिवसभराचा डेटा बघता बघता संपेल.

दिवे बघा

राउटर बंद करण्याआधी दिव्यांचा फोटो काढा. बंद-चालू केल्यावर आधी काय दिसत होतं ते कळायला मार्ग राहत नाही, आणि कस्टमर केअर नेमकं तेच विचारतं. फायबरचं कनेक्शन असेल तर ‘एलओएस’ (सिग्नल गेल्याची खूण) लिहिलेला दिवा शोधा. तो लाल असेल तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. केबल तुटली असेल, कुठेतरी मुडपली असेल किंवा पलीकडूनच बंद असेल. फर्निचरमागे केबल दुमडली नाही ना, एवढं पाहा. बाकी घरात बसून काही करता येणार नाही. ‘पॉन’चा (फायबर जोडणीचा) दिवा लुकलुकत असेल तर घरातली फायबरची पेटी कंपनीच्या यंत्रणेशी जोडली जाण्याची धडपड करतेय. पॉन स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल आहे, तर लाइन बहुधा ठीक असून लॉगिन, खातं किंवा थकलेलं बिल यांत घोळ असू शकतो.

आता वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा.

सगळे दिवे ठीक असूनही नेट नसेल, तर एक लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडा. वायरवर चालतंय आणि वायफायवर नाही, तर दोष घरातच आहे, फोन करू नका. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) दिसत असेल, तर राउटरनं त्याला पत्ताच दिलेला नाही. ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग केल्यावर (म्हणजे छोटा संदेश पाठवून पाहिल्यावर) उत्तर येतंय पण एकही वेबसाइट उघडत नाही, तर आधी डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून बघा. १.१.१.१ टाकून चालू झालं, तर प्रश्न मिटला.

राउटरच्या मागच्या बारीक छिद्रातलं रीसेटचं बटण मात्र दाबू नका, कुणीही सांगितलं तरी. त्यानं सेटिंग पुसली जातात. कंपनीनं त्यात भरलेलं यूजरनेम-पासवर्ड तुमच्याकडे लिहिलेलं नसेल, तर लाइन दुरुस्त होऊनही नेट येणार नाही.

कस्टमर केअरला फोन

मला सगळ्यात जड गेली ती ही पायरी. ‘चिडून बोला, मग ऐकतात’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. फोन उचलणाऱ्याच्या समोर प्रश्नांची ठरलेली यादी असते आणि ती पुरी झाल्याशिवाय त्याला तक्रार पुढे पाठवता येत नाही. म्हणून त्यानं विचारायच्या आत सगळं क्रमानं सांगा: खाते क्रमांक, नेट कधीपासून बंद, कोणता दिवा लाल, बंद-चालू केलं, वायरनं जोडून पाहिलं. मग ‘या भागातच बिघाड आहे का?’ असं विचारा. असेल तर दुरुस्तीची अंदाजे वेळ घ्या.

शब्द जपून वापरा. नेट पूर्ण बंद असताना ‘स्लो आहे’, ‘नीट चालत नाही’ असं म्हणालात, तर तक्रार वेगाच्या खात्यात जाऊ शकते. मग तुम्हाला स्पीड टेस्ट करायला सांगतात आणि माणूस येतच नाही. ‘पूर्ण बंद आहे, एलओएस लाल आहे’, एवढंच म्हणा. कारणांचा अंदाज सांगू नका, लक्षणं सांगा.

अधूनमधून जाणारं नेट सगळ्यात वाईट. तुम्ही फोन करता तेव्हा ते चालू असतं, पलीकडचा तपासतो, ‘सर्व ठीक’ म्हणतो आणि तक्रार बंद होते. यावर वेळांची नोंद हाच उपाय. केव्हा गेलं, केव्हा आलं, त्या वेळी दिवे कसे होते, हे लिहून ठेवा आणि ‘या वेळांना माझी लाइन तुटल्याची नोंद तुमच्याकडे दिसते का ते पाहा’ असं सांगा.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. कुणी न येताच ‘तक्रारीचं निवारण झालं’ असा मेसेज आला, तर नवी तक्रार करू नका. जुन्याच क्रमांकाची तक्रार पुन्हा उघडायला लावा. नवी केली की ती पहिल्या दिवसाची ठरते आणि आधीचे दिवस हिशेबातून जातात. वरच्या अधिकाऱ्याकडे जाताना तोच क्रमांक आणि तारखा लेखी द्या.

बोलणाऱ्यावर ओरडू नका, केबल त्यानं तोडलेली नाही. पण ‘बघतो’ या उत्तरावरही समाधान मानू नका. माणूस कधी येणार, ते विचारा.

माणूस आल्यावर

फायबरच्या टोकात डोकावू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही. टोकाला बोटही लावू नका. काम झालं की मीटरवर प्रकाशाची पातळी दाखवायला सांगा. घरोघरच्या नेहमीच्या जोडणीत उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) चालतं. आकडा उणे २७ च्या अगदी जवळ असेल तर नेट आज चालेल, पण पुन्हा तुटण्याची शक्यता राहते. जोड साफ करायला किंवा नवा करायला सांगा, आणि त्यानंतरचा आकडा बघा.

स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघितल्याशिवाय काम झाल्याची सही किंवा ओटीपी देऊ नका. नेट जितके दिवस बंद होतं तेवढ्या दिवसांचे पैसे वळते करण्याची मागणी त्याच तक्रार क्रमांकावर, ईमेलनं, पुढचं बिल निघायच्या आत करा.