घरच्यांनी मिळून उपासना चालवताय? या चुका टाळा

एखाद्या रविवारची चर्चमधली उपासना पाळकसाहेब एका कुटुंबाकडे सोपवतात आणि त्या घरात पहिला प्रश्न निघतो, "आपण गाणं कुठलं म्हणायचं?" गाणं मागाहून ठरवा. आधी घरात कोणाला काय येतं ते बघा.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा, म्हणजे कुठल्या सुराला सा धरून गायचं याचा होतो. पेटीवर वडील, त्यांचा गळा काळी एकचा (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा सा), म्हणून सगळ्या घराने काळी एकमध्ये गायचं. आईचा आवाज खुलतो काळी चारला, पण तिला कोणी विचारत नाही. नगरकडच्या एका चर्चच्या मंडळीत कापणीच्या सणाला हेच झालं. गीत 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तोंडपाठ. ध्रुवपद कसंबसं निभावलं. अंतरा वर चढला तसा मुलीचा आवाज फाटला आणि तबल्यावरच्या धाकट्याने घाबरून लय वाढवली. वडील तिथेच, सगळ्यांसमोर, मुलीकडे डोळे वटारून बघत राहिले. मंडळीने तर गाणंच सोडून दिलं. ती मुलगी पुढे कित्येक महिने गायला उभी राहिली नाही. घरात सगळ्यात गोड गळा तिचाच होता, म्हणून मला अजून वाईट वाटतं.

माझी सवय अशी आहे: अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर आधी बायका-मुलांकडून म्हणवून घ्यायचा. तो सहज लागला की तिथून खाली उतरून सा धरायचा. पुरुषांना वरचं जड गेलं तर त्यांनी ध्रुवपद सांभाळावं. "तबला काळी एकचा आहे, पट्टी कशी बदलणार?" असंही ऐकायला मिळतं. काळी चारच्या गाण्याला तोच तबला मध्यमात, म्हणजे त्या गाण्याच्या म या सुरात लागतो, घेऊन बघा. आणि कोणी चुकलंच तर डोळे वटारू नका, गात राहा. बोलायचं ते घरी गेल्यावर, तेही प्रेमाने.

मोबाईलवरचा ट्रॅक लावून गायचा सोपा मार्ग मला अजिबात मान्य नाही. आजीचा श्वास कमी पडला तर पेटीवाला थांबतो, ट्रॅक थांबत नाही. सराव टाळायला म्हणूनच तो लावतात, हे मंडळीला कळतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे घरातल्या प्रत्येकाला माईकपुढे उभं करणं. बायबलमधल्या १ इतिहासाचा २५वा अध्याय काढा. आसाफ, यदूथून आणि हेमान यांची मुलं बापाच्या हाताखाली परमेश्वराच्या मंदिरात गात-वाजवत. एकट्या हेमानाला चौदा मुलगे आणि तीन मुली होत्या. गायनात शिकून तयार झालेले सगळे मिळून २८८. शिकून तयार झालेले, हे लक्षात घ्या. शनिवारी रात्री गाणं निवडून रविवारी उभं राहणाऱ्यांना मी हा अध्याय वाचायला देतो. लगेच पुढच्या, २६व्या अध्यायात द्वारपालांची घराणी आहेत. ओबेद-अदोमाच्या घरचे ६२ जण दारांवर होते. तीही सेवाच, नावानिशी लिहून ठेवलेली. तेव्हा ज्या मुलाला गाता येत नाही त्याला दाराशी उभं करा, म्हाताऱ्यांना हात धरून जागेवर बसवू द्या. कोणी वेदीवरची फुलं बघावीत, कोणी माईक आधी तपासावा. लाजऱ्या मुलाला ओढत पुढे आणून हातात खंजिरी देणं ही जबरदस्ती आहे.

सगळ्या प्रार्थना वडिलांनीच करायच्या, हेही सोडा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अपुरं होतं. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. आईला एक प्रार्थना लिहायला सांगून तर बघा.

बाकीच्या लहानसहान चुका. व्हॉट्सॲपवर आलेले गीताचे शब्द पुस्तकाशी ताडून घ्या, कडवी गाळलेली असतात. समोर उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या मामाला आधीच बजावा. कुटुंबाची ओळख दोन वाक्यांत संपवा.

शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, इंग्रजी माध्यमातल्या नातवंडाला द्यायचा असेल तर आठ दिवस आधी द्या. मोठ्या अक्षरांत छापून द्या, मोबाईलवरून वाचायला लावू नका. रोज जेवणाआधी एकदा मोठ्याने वाचून घ्या. जोडाक्षरं आणि नावं तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिभेवर बसतात.