कादंबरीला प्रोलॉग लावताय? आधी या चुका टाळा

माझ्या कादंबरीच्या सुरुवातीची नऊ पानं मी जवळजवळ पाच महिने घासत होतो. विषय आमच्याकडचाच, करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळघर, दोन भाऊ, वाटणी. पण थेट तिथनं सुरू करायला जीव होईना, म्हणून आधी प्रोलॉग, म्हणजे पहिल्या प्रकरणाआधीचा गोष्टीतलाच एक तुकडा, लावला, त्यात आजोबा कोकणातनं घाट चढून कसे आले, जमीन कुणाकडनं घेतली, ऊस पिळायच्या चरकात त्यांचं बोट कसं गेलं, बैलाचा चरक जाऊन इंजिन कधी बसलं, सगळं आलं. आमच्या पेठेतले एक रिटायर मास्तर आहेत, त्यांना वाचायला दिलं. चार दिवसांनी वही परत देताना म्हणाले, "नऊ पानं झाली तरी काहील चुलवाणावर चढंना की हो. मी रस उकळायची वाट बघायलोय आणि तुम्ही मला जमीन मोजून दाखवायलाय."

नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच. आणि नवीन लिहिणाऱ्यांच्यात ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. आपल्याला पात्रांचा पूर्वेतिहास पाठ झालेला असतो, तो शोधायला आपण कष्ट घेतलेले असतात, मग वाटतं वाचकाला हे आधी कळलं नाही तर पुढचं कळणारच नाही. खरं तर वाचकाला अजून त्या माणसांची ओळखच नसते, तर त्यांच्या आजोबांचं त्यानं काय करायचं? आधी माणूस आवडू दे, मग त्याचं घराणं तो स्वतःहून विचारतो.

यावर उपाय मी असा केला, नऊ पानांतली प्रत्येक माहिती वेगळ्या कागदावर लिहिली आणि पुढं लिहिलं की वाचकाला ही कुठल्या प्रकरणात लागते. जमिनीची भानगड लागते ती भाऊ सातबारा काढायला तलाठ्याकडं जातात तेव्हा, म्हणजे सहाव्या प्रकरणात, मग ती तिथंच दोन संवादांत बसली. इंजिनाची हकीकत कुठंच लागत नव्हती. ती गेली. वाईट वाटलं, पण गेली. राहिलं आजोबांचं बोट चरकात गेलं ते, त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

दुसरी गडबड शब्दांपासनंच सुरू होते. आपल्याकडं पुस्तकाच्या पुढच्या पानांत प्रस्तावना असते, मनोगत असतं, अर्पणपत्रिका असते, आणि लोक प्रोलॉगला या सगळ्यात मिसळून टाकतात. प्रस्तावना म्हणजे पुस्तकाबद्दल कुणीतरी बोलणं, बऱ्याचदा दुसराच जाणकार माणूस लिहितो. मनोगत लेखकाचं. प्रोलॉग मात्र गोष्टीच्या आतला असतो, त्यात लेखकानं तोंड घालायचं नाही. ऐतिहासिक लिहिणारे तर हमखास इथं कागदपत्रं कुठं सापडली, कुठले गड पालथे घातले ते सांगत बसतात. ते सगळं मनोगतात टाका किंवा मागं संदर्भसूचीत द्या, वाचणारा तिथं आवडीनं वाचतो.

तिसरी चूक सध्या फार वाढलीय, वेबसिरीज बघून बघून. शेवटाकडचा एक खून नाहीतर अपघात उचलून पुढं आणायचा आणि खाली लिहायचं, सहा महिन्यांपूर्वी. पडद्यावर हे दोन मिनिटांत होऊन जातं, पुस्तकात वाचकाला त्या प्रसंगापर्यंत परत पोचायला तीनशे पानं जातात, आणि तिथं पोचल्यावर तोच प्रसंग तसाच दुसऱ्यांदा वाचायला मिळाला तर फसवल्यासारखं वाटतं. शेवट आधी सांगायलाच नको असं नाही हं. शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्युलिएटचा प्रोलॉग चौदा ओळींचा आहे आणि त्यात दोघं मरणार हे सरळ सांगून टाकलंय, तरी नाटक चारशे वर्षं चाललंय, कारण काय होणार यापेक्षा कसं होणार याची ओढ लावलीय. तुम्हाला प्रसंग पुढं आणायचाच असेल तर दुसऱ्यांदा तो दुसऱ्याच्या नजरेनं येऊ दे, किंवा तोवर एक गोष्ट अशी कळलेली असू दे की त्याच प्रसंगाचा अर्थ फिरेल. दोन्ही जमत नसेल तर तो शेवटीच ठेवा.

मग येतो तो धुक्यातला प्रोलॉग. काळोख दाटलेला, वारा घोंघावतोय, "तो" धावतोय, "ती" बघतेय, कुणाचं नाव नाही, गाव नाही. लेखकाला वाटतं गूढ झालं. वाचकाला नुसतं धरायला काही मिळत नाही. गूढ म्हणजे एक गोष्ट लपवायची आणि बाकीच्या दहा लख्ख दाखवायच्या.

आता प्रोलॉग कधी ठेवायचा. माझं मत असं की जी गोष्ट मुख्य पात्राला माहीतच असू शकत नाही आणि तरी वाचकाच्या मनात ती असायलाच पाहिजे, तिथं प्रोलॉगला जागा आहे. समजा आमच्या कोल्हापूरच्या पंचगंगेच्या पुरावर लिहायचंय. २००५ साल, चिखलीसारख्या नदीकाठच्या गावात पाणी ओसरल्यावर एक म्हातारा घरातल्या भिंतीवर, पाणी जिथवर आलं होतं तिथं कोळशानं रेघ ओढतो आणि बायकोला म्हणतो याच्या वर आता येत नाही. दीड पान, बास. पहिलं प्रकरण २०१९ चा ऑगस्ट, राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलीय, म्हातारा हयात नाही, आणि नंतर लग्न होऊन आलेली सून त्या रेघेच्या भरवशावर वरच्या फळीवर धान्य ठेवतेय. रेघ कुणी ओढली तिला ठाऊक नाही, वाचकाला ठाऊक आहे. आणि २०१९ चं पाणी २००५ च्या वर गेलं होतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो प्रोलॉग काढला तर फळीवरचं धान्य हे नुसतं धान्य राहतं.

पण नुसती दोन तुकड्यांची जोडणी चुकली तरी असला चांगला प्रोलॉगसुद्धा वाया जातो. यासाठी कालिदासाच्या शाकुंतलाची सुरुवात नीट बघा, अनुवादात वाचली तरी चालेल. सूत्रधार आणि नटी रंगमंचावर येतात, नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते, सूत्रधार गाण्यात इतका रंगतो की कुठलं नाटक करायचंय तेच विसरतो, नटी आठवण करून देते, तेव्हा तो म्हणतो की तुझ्या गाण्यानं मला असं ओढून नेलं जसं त्या वेगवान हरणानं राजा दुष्यंताला. आणि त्या वाक्याला धरून हरणाच्या मागं राजा आलाच. विसरणं हा शाकुंतलाचा गाभा, राजा पुढं शकुंतलेलाच विसरतो, त्याचं बी सूत्रधाराच्या विसरण्यात पेरलंय. आपल्या प्रोलॉगचं शेवटचं वाक्य आणि पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य एकाखाली एक लिहून बघा, दोघांच्यात काही देणंघेणं आहे का ते लगेच कळतं. नारदीय कीर्तनातही तसंच, पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान लागतं आणि शेवटी बुवा फिरून त्याच अभंगावर येतात. ज्या प्रोलॉगकडं कादंबरी परत कधी वळतच नाही, तो मी तरी काढून टाकतो.

लांबीचं फार बोलत नाही, दोन-तीन पानांच्या वर जायला लागला तर बहुतेक ते पहिलं प्रकरणच असतं, त्याला तसं नाव द्या. आणखी एक व्यवहाराची गोष्ट, प्रकाशकाकडं आपण बऱ्याचदा सुरुवातीचीच पानं पाठवतो, ई-बुकचा फुकट नमुनाही सुरुवातीचाच असतो, तेव्हा ती जागा कशाला द्यायची ते बघून ठरवा.

ठरतच नसेल तर दोघांना कादंबरी द्या, एकाला प्रोलॉगसकट आणि दुसऱ्याला त्याच्याशिवाय, आणि दुसऱ्याला सांगू नका की काही काढलंय. तीन प्रकरणं झाल्यावर त्याला विचारा कुठं अडखळलास. कुठंच नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. आणि त्याला पहिलं प्रकरणच ढिलं वाटलं असेल तर दुरुस्ती तिथं करा, कारण बरेच प्रोलॉग ते ढिलं प्रकरण झाकायलाच लिहिलेले असतात. माझाही त्यातलाच होता.

आता माझी कादंबरी पहाटे तीनला सुरू होते. चुलवाणात चिपाड पेटलंय, काहिलीत पाक फुगत चाललाय आणि म्हातारा वाटीभर गार पाण्यात थोडा पाक टाकून गोळी वळून बघतोय, त्या हाताला चारच बोटं आहेत. का, ते सांगितलेलं नाही. मास्तरांनी तिथं समासात पेन्सिलीनं लिहिलं, "पाचवं कुठं गेलं?" ती चरकाची हकीकत आता दहाव्या प्रकरणात थोरली सून आपल्या पोराला सांगते, सगळी मिळून सव्वा पान झाली.