पडद्यांना आणि लाकडाला अग्निरोधक लावताना

आधी पडद्यावरची धूळ झटका आणि आतल्या शिवणीवर थोडं द्रावण लावून रंग उतरतो का ते बघा. सुती कापड द्रावण छान पितं. पॉलिएस्टरवर ते नुसतं वर बसतं, त्यासाठी वेगळं द्रावण घ्यावं. कापड नीट भिजलं पाहिजे, वरवरचे चार फवारे म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. या द्रावणातले आग रोखणारे बरेचसे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे पडदा धुतला की पुन्हा फवारणी आलीच.

लाकडाचं गणित वेगळं. कोरं लाकूड द्रावण शोषतं, पॉलिशवरून मात्र ते ओघळून जातं. तिथे पॉलिश घासून, उष्णता लागताच फुगून फेसासारखा थर धरणारा रंग लावा. डब्यावर सांगितलेली जाडी पाळा. रंग पुरवून पुरवून पातळ हात मारला तर थर पुरेसा फुगत नाही.