टोकन माझं, मशीन सगळ्यांचं

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. टीमच्या टेस्ट सर्व्हरवर कोड ओढायचा, बिल्ड करायचा, बारीकसारीक दुरुस्ती तिथेच करून पुश करायची, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये चढवायची, असं दिवसातून दहादा चालायचं. दर वेळी गिट, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं साधन, आधी युजरनेम विचारणार, मग पासवर्ड. आमचा कोड ज्या वेबसाइटवर असतो त्या गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं, त्यामुळे पासवर्डच्या जागी टोकन, म्हणजे गिटहबवर तयार केलेली लांबलचक गुप्त अक्षरमाळ, द्यायचं. टोकन कुणाला पाठ होतं? मी ते एका टेक्स्ट फाइलीत ठेवून तिथून चिकटवायचो.

कंटाळून शोधाशोध केली आणि एक ओळ सापडली: गिट कॉन्फिग --ग्लोबल क्रेडेन्शियल.हेल्पर स्टोअर. ती चालवली, एकदा टोकन दिलं, आणि त्यानंतर गिटने कधी काही विचारलं नाही. इतकं बरं वाटलं की तो हेल्पर, म्हणजे लॉगिनची माहिती सांभाळणारा छोटा प्रोग्राम, नेमकं करतो काय, हे बघायचं मनातही आलं नाही.

तीनेक आठवड्यांनी सीनियरचा मेसेज आला, "मुख्य ब्रांचवर काल रात्री तू पुश केलंस?" मी तर काल संध्याकाळीच लॅपटॉप बंद करून गेलो होतो. पण रेपोच्या (प्रोजेक्टच्या कोडसाठ्याच्या) नोंदीत पुश करणारा म्हणून माझंच खातं. गंमत म्हणजे त्या कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, नाव दुसऱ्याच सहकाऱ्याचं होतं.

इथे नवखे हमखास गोंधळतात, म्हणून जरा थांबतो. युजर.नेम आणि युजर.ईमेल या सेटिंगचा लॉगिनशी काहीही संबंध नाही. ते कमिटवर छापलं जाणारं नाव, कुणीही काहीही टाकू शकतो. सर्व्हर दार उघडतो ते टोकन किंवा एसएसएच की (लॉगिनची डिजिटल किल्ली) बघून. सहकाऱ्याने कमिट करताना स्वतःचं नाव नीट दिलं होतं. पुश करताना गिटने त्याला काही विचारलंच नाही, माझं टोकन परस्पर वापरून मोकळं झालं.

कारण अगदी साधं होतं. स्टोअर हा हेल्पर होम फोल्डरमध्ये .गिट-क्रेडेन्शियल्स नावाच्या फाइलीत एक ओळ लिहितो. त्या ओळीत युजरनेम, मग अपूर्णविराम, मग टोकन, मग ॲट आणि सर्व्हरचा पत्ता. सगळं उघडं, कसलंही एन्क्रिप्शन नाही. फाइलीची परवानगी 600 असते, म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचू शकत नाही. ऐकायला छान आहे. पण त्या सर्व्हरवर आम्ही सगळे एकाच सामायिक युजरने लॉगिन करत होतो. सगळेच मालक! शिवाय --ग्लोबल म्हटलं की सेटिंग त्या युजरच्या सगळ्या रेपोंना लागू होते.

मी धावत जाऊन फाइल उडवली आणि सीनियरला सांगितलं, "झालं." त्याने विचारलं, "टोकन रद्द केलंस का?" नव्हतं केलं. फाइल पुसली तरी टोकन जिवंतच राहतं. सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप असतो, त्यात ती फाइल असणारच. म्हणून क्रम उलटा हवा: आधी वेबसाइटवर जाऊन टोकन रद्द करायचं, मग सेटिंग काढायची, मग फाइल. खरं तर टोकन रद्द झाल्यावर ती ओळ गिट स्वतःही काढतं. हेल्परला तीनच कामं येतात: माहिती देणं, साठवणं आणि पुसणं. सर्व्हरने लॉगिन नाकारलं की गिट त्याला पुसायला सांगतं.

मग वापरायचं काय? स्वतःच्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिमची तिजोरी वापरा. मॅकवर ओएसएक्सकीचेन, विंडोजवर गिट क्रेडेन्शियल मॅनेजर, लिनक्सच्या डेस्कटॉपवर लिबसीक्रेट. यांत टोकन एन्क्रिप्ट होऊन राहतं. लिनक्सवर लिबसीक्रेट कधीकधी स्वतः बिल्ड करून घ्यावं लागतं. त्या वैतागापायीच बरेच जण स्टोअरकडे वळतात, असा माझा अंदाज.

कॅश नावाचा हेल्पर हा मधला मार्ग. तो डिस्कवर काही लिहीत नाही, टोकन मेमरीत ठेवतो आणि 900 सेकंदांनी, म्हणजे 15 मिनिटांनी विसरतो. टाइमआउट वाढवता येतो. मात्र सामायिक युजर असेल तर त्या 15 मिनिटांतही तीच गत.

टोकन थेट रिमोटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या रेपोच्या, पत्त्यातच कोंबण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. तो ऐकू नका. ते रेपोच्या .गिट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत उघडं बसतं, आणि स्क्रीन शेअर चालू असताना गिट रिमोट -व्ही मारलं की सगळ्यांना दिसतं.

आपल्या मशीनवर काय चालू आहे हे ठाऊक नसेल, तर गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर चालवून बघा. कुठल्या फाइलीतून कुठला हेल्पर येतोय ते कळतं. हेल्पर एकापेक्षा जास्त असू शकतात आणि टोकन त्या प्रत्येकाकडे साठवलं जातं. मी लॅपटॉपवर कीचेन लावून निश्चिंत होतो, आणि खाली जुना स्टोअर तसाच बसला होता.

एकाच होस्टवर (गिटहबसारख्या एकाच सर्व्हरवर) ऑफिसचं आणि स्वतःचं अशी दोन खाती असतील तर क्रेडेन्शियल.यूजएचटीटीपीपाथ ट्रू करा. एरवी गिट फक्त होस्ट बघतं, रेपोचा पत्ता बघत नाही, आणि भलतंच टोकन पुढे करतं.

टेस्ट सर्व्हरवर आता कुणाचंच टोकन नाही. तिथे रेपोपुरती एक डिप्लॉय की आहे, तीही फक्त वाचण्याची. पुश करायचं तर आपापल्या लॅपटॉपवरून. सुरुवातीला सगळे कुरकुरले, सगळ्यात जास्त मीच.