पावसाच्या थेंबावरील तरंग-विकिरणाचे गणित कसे मांडावे

भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. अशा अभ्यासात रडार पाहते ते थेंबांनी मागे धाडलेले तरंग, म्हणून येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने गोलावरील विकिरणाचे (तरंग आदळून सर्व दिशांना विखुरण्याचे) गणित आपल्याच आभाळातील थेंब घेऊन शिकावे. गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये मांडलेली रीत (‘मी’ हे आडनाव आहे, सर्वनाम नव्हे) आजही तशीच वापरली जाते.

प्रथम आकार-प्राचल क्ष काढावे : थेंबाचा परीघ भागिले तरंगलांबी. सी-बँड रडारची तरंगलांबी सुमारे ५.३ सेंटिमीटर धरल्यास ६ मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी क्ष ०.३६ येतो. हा लहान आकडा पाहून रॅलेचे सोपे सूत्र (तरंगलांबीपेक्षा फार लहान कणांसाठीचे) लावण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा. २० अंश सेल्सिअसला या तरंगलांबीसाठी पाण्याच्या अपवर्तनांकाचा वास्तव भाग सुमारे ८.६ आणि काल्पनिक (शोषण दाखवणारा) भाग १.३ असल्यामुळे अपवर्तनांक म गुणिले क्ष हा गुणाकार ३ च्या पुढे जातो, आणि तेथे रॅलेचे सूत्र विश्वासार्ह राहत नाही.

त्यानंतर आपाती (येणारे), विकिरित आणि थेंबाच्या आतील क्षेत्र गोलीय सदिश फलांच्या (गोलाला साजेशा सदिश फंक्शनांच्या) श्रेणीत मांडून पृष्ठभागावर विद्युत व चुंबकीय क्षेत्रांचे स्पर्शी घटक सलग असल्याची अट घालावी, म्हणजे विकिरित क्षेत्राच्या प्रत्येक पदाचे दोन सहगुणक मिळतात. ही बीजगणिती पायरी लांबलचक असली तरी अवघड नाही. श्रेणी क्ष + ४ × (क्ष चे घनमूळ) + २ इतक्या पदांवर थांबवावी. दृश्य प्रकाशात (०.५५ मायक्रोमीटर) १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या मेघबिंदूसाठी क्ष सुमारे ११४ असल्याने १३६ पदे पुरतात.

खरी गफलत संगणनात होते. हे सहगुणक ज्यांतून बनतात ती रिकाटी-बेसेल फले चढत्या क्रमाने काढण्याचे सूत्र असे (न हा चालू फलाचा क्रमांक) : पुढचे फल = (२न+१)/क्ष × चालू फल − मागचे फल. क्ष = ०.१ घेऊन, प्रत्येक पायरीला सहा दशांश स्थळे ठेवून हे हातानेच करून पाहावे. शून्यावे फल ०.०९९८३३ आणि पहिले ०.००३३३० थेट घेतल्यास दुसरे ०.००००६७ आणि तिसरे ०.००००२० येते. तिसऱ्याची खरी किंमत मात्र सुमारे ०.००००००९५ आहे, म्हणजे तिसऱ्याच फलाला उत्तर वीसपटींहून अधिक फुगले! जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत सार्थ अंक गळून पडतात आणि उरलेली चूक पुढच्या पायरीत ५० ने गुणली जाते. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये हीच चूक होती आणि मी आठवडाभर सीमाशर्ती तपासत बसलो होतो.

म्हणून लहान क्ष साठी ही फले उतरत्या क्रमाने काढावीत. म × क्ष या संमिश्र संख्येसाठी लागणारा लॉगरिथमिक अवकलजही (फलाचा अवकलज भागिले तेच फल) नेहमी वरून खाली यावा : गरजेपेक्षा सुमारे १५ पदे पुढे जाऊन तेथे शून्य धरावे आणि खाली उतरावे, सुरुवातीची चूक वाटेतच विरते.

शेवटी अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग शून्य ठेवून विलोपन (विकिरण व शोषण मिळून होणारी घट) आणि विकिरण यांचे गुणांक ताडून पाहावेत. शोषण नसल्याने ते दोन्ही जुळलेच पाहिजेत, आणि वरील मेघबिंदूसाठी दोन्ही २ च्या आसपास आले पाहिजेत. ते जुळत नसल्यास सूत्रांना हात लावण्याआधी पुनरावृत्तीची (एका फलावरून पुढचे काढण्याची) दिशा पाहावी.