टीव्हीच्या कॉम्प्युटरला हातातला कीबोर्ड: घरातल्या थोरल्यांनाही चालवता येईल असा कसा लावावा

गंगाखेडजवळच्या आमच्या गावातल्या घरी टीव्हीखाली एक जुना डेस्कटॉप ठेवलेला आहे. त्यात आत्याच्या लग्नाची कॅसेटवरून उतरवून घेतलेली फिल्म आहे, सप्त्यातली कीर्तनं आहेत आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. हे सगळं आबा आणि आईसाठीच गोळा केलं होतं. तरी पहिलं वर्षभर त्यांनी त्याला हात लावला नाही. माउस चालवायचा तर टीव्हीजवळ स्टुलावर बसावं लागे आणि तिथून पडदा धड दिसत नसे. आई म्हणायची, "मला नको बाबा ते, माझ्या हातानं काहीतरी पुसून जाईल."

तळहाताएवढा वायरलेस कीबोर्ड आणला आणि हे बदललं. पण नुसता आणून चाललं नाही, नीट लावावा लागला. जे मला दोन-तीन महिने चुकत चुकत कळलं ते इथं क्रमानं देतो.

कोणता घ्यावा

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा छोटा कीबोर्ड. त्यातच माउससाठी टचपॅड असतो. दुसरा, रिमोटसारखा लांबट 'एअर माउस'. हा हवेत हलवला की पडद्यावरचा बाण हलतो आणि पाठीमागे कीबोर्ड असतो. तिसरा, मांडीवर ठेवायचा मोठा कीबोर्ड, उजव्या बाजूला टचपॅड असलेला.

माझं मत स्पष्ट आहे. घरात वयस्क माणसं असतील तर पहिला किंवा तिसरा घ्या. एअर माउस तरुणांना आवडतो, पण हात जरा थरथरत असेल तर बाण जागेवर राहतच नाही. ज्यांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही त्यांना तिसरा चांगला, कारण त्याच्या कळा मोठ्या असतात. आम्ही पहिला घेतला, कारण तो उशीखालीही मावतो.

घेताना दोन गोष्टी पाहा. कळांमागे दिवा हवा. रात्री खोलीतला दिवा बंद करून टीव्ही बघताना त्याची किंमत कळते. आणि जोडणी यूएसबी रिसीव्हरची, म्हणजे ज्याला आपण डोंगल म्हणतो त्याची असावी. ब्लूटूथचा कीबोर्ड आधी कॉम्प्युटरशी जोडून घ्यावा लागतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावर बहुधा चालत नाही. डोंगलचा कीबोर्ड मात्र साध्या यूएसबी कीबोर्डसारखा ओळखला जातो. त्याला सीडी लागत नाही की ड्रायव्हर.

डोंगल कुठे लावायचं

डोंगल बहुतेक वेळा कीबोर्डच्या पाठीवर किंवा सेलच्या झाकणाआड खोचलेलं असतं. डबा रिकामा दिसला म्हणून दुकानात परत जाऊ नका, आधी तिथं शोधा. कीबोर्ड चार्ज करून घ्या, डोंगल कॉम्प्युटरला लावा, कडेचं बटन 'ऑन' करा. अर्ध्या मिनिटात चालू होईल.

आता खरी गोम. आमचा कीबोर्ड सुरुवातीला अक्षरं गाळायचा. बाण दोनदा दाबला तर एकदाच सरकायचा. मी सेल बदलून पाहिले, दुकानदाराला बोललो, जवळजवळ परतच करणार होतो. दोष होता मी डोंगल लावलेल्या जागेचा. ते मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये होतं आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती. हे कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि वायरीतून डेटा धावताना जो रेडिओ गोंगाट निघतो, तो नेमका याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसह एक टिपण काढलं होतं. डोंगल आणि डिस्क यांच्यात अंतर ठेवणं हा साधा उपाय.

म्हणून एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा आणि ते टोक टीव्हीच्या कडेला, समोरून दिसेल असं चिकटवा. ही साधी वायर आमच्याकडे कीबोर्डपेक्षा जास्त कामाची ठरली. लहरींना रिमोटसारखी समोरासमोर नजर लागत नाही, पण लोखंड त्यांना अडवतं. कॉम्प्युटर लोखंडी कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीआड असेल तर डोंगलचं टोक बाहेर आलंच पाहिजे. जुन्या वाड्यातली हातभर जाडीची भिंतही त्यांना जड जाते. ओसरीवर बसून आतल्या खोलीतला टीव्ही चालवायची अपेक्षा ठेवू नका. वायफायचा राउटरही डोंगलपासून हातभर दूर ठेवा, तोही बऱ्याचदा त्याच पट्ट्यात बोलतो.

लाइट गेली आणि आली तर

हा कीबोर्ड पूर्ण बंद झालेला कॉम्प्युटर बहुधा चालू करू शकत नाही. शहरात याचं काही वाटत नाही, पण आपल्याकडे लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि आल्यावर आईनं खाली वाकून बटन शोधायचं. तिथंच सगळं अडतं.

कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये जा. कळ कंपनीनुसार बदलते. पॉवरच्या पानावर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाचा पर्याय सापडेल. तो 'पॉवर ऑन' करा. मग लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो. मात्र तुमच्याकडे लाइट मिनिटाला ये-जा करत असेल तर यूपीएस बसवल्याशिवाय हे करू नका. वारंवार चालू-बंद होण्यानं हार्ड डिस्क लवकर जाते.

रोजच्या वापरात कॉम्प्युटर बंद न करता स्लीपमध्ये टाका, म्हणजे कीबोर्डची कळ दाबून तो उठवता येईल. त्यासाठी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कीबोर्ड्स'खाली आपला कीबोर्ड शोधा, 'पॉवर मॅनेजमेंट'च्या पानावर कॉम्प्युटरला जागं करण्याच्या परवानगीची खूण करा. तिथंच 'माइस'खाली त्याच डोंगलचा माउसही दिसेल. त्याच्यापुढची खूण काढून टाका. नाहीतर दुपारी गादीवर पडलेल्या कीबोर्डच्या टचपॅडला नातवाचा हात लागतो आणि कॉम्प्युटर विनाकारण जागा होतो.

टीव्ही मात्र त्याच्या रिमोटनंच चालू करावा लागतो. काही कीबोर्डांवर टीव्हीच्या रिमोटचं बटन शिकणारी इन्फ्रारेड कळ असते. तसा मिळाला तर जरूर घ्या, एक रिमोट कमी होतो. डेस्कटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर वापरत असाल तर उलटी सोय आहे: एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीचाच रिमोट त्याला चालवू शकतो आणि कीबोर्ड फक्त टाइप करायला लागतो.

टचपॅड विसरा, बाण शिकवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं मला. आपण तरुण माणसं कीबोर्ड हातात येताच टचपॅडकडे जातो, कारण आपल्याला माउसची सवय. सोफ्यावरून आठ-दहा फुटांवरच्या पडद्यावर इवलासा बाण शोधणं हे थोरल्यांना झेपत नाही आणि त्यांचा उत्साह तिथंच संपतो. त्यांना माउस लागणारच नाही अशी मांडणी करून द्या.

त्यासाठी कोडी हे व्हिडिओ आणि गाणी चालवणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते मुळात दुरून, बाणांच्या कळांनी चालवण्यासाठीच बनलेलं आहे. जुन्या एक्सबॉक्स खेळयंत्रासाठी ते सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव एक्सबीएमसी होतं. २०१४ मध्ये ते कोडी झालं. विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये कोडीचा शॉर्टकट टाकला की कॉम्प्युटर सुरू होताच तेच उघडतं. लॉगिनचा पासवर्ड मध्ये येत असेल तर त्या खात्याला आपोआप लॉगिन लावून घ्या.

मग सगळे फोल्डर एकदा तुम्हीच जोडून ठेवा. 'कीर्तनं', 'लग्नं', 'आजी' अशी नावं द्या. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर कोडीच्या स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट 'एरियल बेस्ड' करून पाहा. रोज लागणाऱ्या फोल्डरवर उभं राहून सी दाबा. जो मेनू उघडेल त्यातून ते फेव्हरिट्समध्ये टाका. आता आबांना पूर्ण कॉम्प्युटर नाही, पाच-सहा ओळी दिसतात.

शिकवायच्या कळा एवढ्याच: फिरायला चार बाण, उघडायला एंटर, मागं यायला बॅकस्पेस, थांबवायला-चालवायला स्पेस आणि आवाजाच्या दोन. चालू व्हिडिओ पूर्ण बंद करायला एक्स आहे, पण ती आठवडाभरानं सांगा.

एक घोटाळा हमखास होतो. व्हिडिओ चालू असताना डावा-उजवा बाण थोडंसं मागं-पुढं नेतो, पण वरचा-खालचा बाण मोठी उडी मारतो. टीव्हीच्या रिमोटच्या सवयीनं आबा आवाज वाढवायला वरचा बाण दाबायचे आणि कीर्तन एकदम दहा मिनिटं पुढं जायचं. "अरे, महाराज तर अभंगावर होते, आता आरती कशी करायलेत?" हे मी चार वेळा ऐकलं. हा फरक पहिल्याच दिवशी सांगा.

चुकून मेनूत शिरलं आणि मागं व्हिडिओ चालूच असेल तर टॅब दाबायचा, तो परत पूर्ण पडदा आणतो. कोडीऐवजी व्हिएलसी हा व्हिडिओ प्लेयर वापरत असाल तर स्पेस तीच, पूर्ण पडद्याला एफ, सबटायटल बदलायला व्ही. यूट्यूबवर पूर्ण पडद्याला एफ, आवाज बंद करायला एम, दहा सेकंद मागं-पुढं जायला जे आणि एल.

कळा ओळखायला आईनं स्वतःच युक्ती काढली. तिच्या पाकिटातली मखमली टिकली एंटरवर लावली आणि दुसरी स्पेसवर. अंधारातही बोटाला लागते. महिना-दीड महिन्यानं टिकली निघते, मग दुसरी लावायची.

आणखी एक सांगून ठेवा. वापर नसताना हा कीबोर्ड स्वतः झोपतो. पहिली कळ त्याला उठवण्यात जाते, म्हणून दाबल्यावर काही झालं नाही तर घाबरायचं नाही, पुन्हा दाबायचं.

मराठीत शोधायचं असेल तर

आईला जनाबाईचे अभंग लागतात. संत जनाबाई गंगाखेडची, म्हणजे आमच्या पंचक्रोशीतलीच. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून घ्या. नंतर विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी बदलतं.

इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीची सवय असणाऱ्यांना 'जनाबाई' सोपं आहे: पी, व्ही, ई, वाय, ई आणि शिफ्ट धरून आर. पण छोट्या कीबोर्डवर अडचण होते ती च, ट, ड आणि य यांची. इन्स्क्रिप्टमध्ये ही अक्षरं अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस आणि तिरक्या रेघेच्या कळांवर आहेत आणि छोट्या कीबोर्डांवर यांतल्या काही कळा 'एफएन' नावाची कळ धरून दाबाव्या लागतात. दोन अंगठ्यांनी ते फार कष्टाचं. त्यापेक्षा विंडोज १० मध्ये २०१९ पासून आलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत 'जनाबाई' जसं लिहाल तसं ते देवनागरीत सुचवतं. टाइप करून झालं की इंग्रजीवर परत या.

ऊन, धूळ आणि पासवर्ड

या कीबोर्डांत बहुधा मोबाइलसारखी लिथियमची बॅटरी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, आणि खिडकीतल्या उन्हात किंवा पत्र्याखालच्या फळीवर राहिलेली बॅटरी फुगू शकते. पाठ फुगीर दिसली, झाकण नीट बसेना, तर चार्ज करू नका. बॅटरी बदला. पाच व्होल्टचा साधा मोबाइल चार्जर पुरतो. कळांमागचा दिवा सतत चालू ठेवला तर चार्जिंग फार लवकर उतरतं. कापसाच्या, तुरीच्या हंगामात घरभर धूळ असते, तेव्हा कीबोर्ड बंद करून किंचित ओलसर फडक्यानं पुसा, पाणी शिंपडू नका.

बँकेचा पासवर्ड मात्र या कीबोर्डवर कधीच टाइप करू नका. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अनेक स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली अक्षरं कूटरूपात न बदलता तशीच हवेत सोडतात, आणि दूर बसलेला माणूस ती वाचू शकतो. कीर्तनाला त्याचा काही धोका नाही, पैशाच्या व्यवहाराला आहे.

कॉम्प्युटर दुरुस्तीला नेताना डोंगल आठवणीनं काढून कीबोर्डच्या पाठीत खोचा. बऱ्याच स्वस्त कीबोर्डांचं डोंगल त्यांच्यापुरतंच असतं, हरवलं की सुटं मिळत नाही. आमचा पहिला कीबोर्ड त्यामुळेच गेला. दुरुस्तीहून कॉम्प्युटर आला, डोंगल आलं नाही. आता आई ते लाल दोऱ्यानं एक्स्टेंशनच्या वायरीला बांधून ठेवते.